पर्यटक वाढले म्हणजे देश वाढतो का?

१९५० साली जगभरात देशाच्या सीमा ओलांडून झालेल्या पर्यटकांच्या फेऱ्यांची नोंद सुमारे अडीच कोटी होती. २०१९ साली हाच आकडा सुमारे १४६ कोटींवर पोहोचला. एवढी प्रचंड वाढ डोळ्यांसमोर असल्यामुळे ‘पर्यटन वाढवले की देशाची अर्थव्यवस्था वाढते’ हे विधान आज इतक्या सहजपणे केले जाते, की त्यालाही पुरावा लागतो याचा विसर पडतो. पर्यटकांची संख्या आणि राष्ट्रीय उत्पन्न यांचे आलेख बहुतेक देशांत बरोबरीने वर चढताना दिसतात, हे खरे आहे. मात्र दोन आलेख बरोबरीने चढतात म्हणून त्यांपैकी एकाने दुसऱ्याला वर ओढले असे सिद्ध होत नाही. कोण कोणाला ओढते आणि तसे ओढताना वाटेत काय सांडते, हे पाहण्यासाठी आधी पर्यटन मोजतात कसे, तेथून सुरुवात करावी लागते.

पर्यटन हा नेहमीच्या अर्थाने एक उद्योग नाही. साखर उद्योग म्हटले की साखर बनवणारे कारखाने दाखवता येतात. पर्यटनाची ओळख मात्र काय बनवले यावरून पटत नाही, ती घेणारा कोण आहे यावरून पटते. एकाच उपाहारगृहात शेजारी शेजारी बसलेले दोघे तेच जेवण जेवत असतील आणि त्यांतला एक त्याच शहराचा रहिवासी व दुसरा परदेशातून आलेला असेल, तर पहिल्याचे बिल हा साधा घरगुती खर्च ठरतो आणि दुसऱ्याचे बिल पर्यटनात जाते. त्यामुळे राष्ट्रीय उत्पन्नाच्या नेहमीच्या तक्त्यात शेती, खाणकाम, बांधकाम यांच्यासारखी ‘पर्यटन’ नावाची ओळ सापडत नाही. ते हॉटेल, वाहतूक, व्यापार, करमणूक अशा अनेक ओळींत विखुरलेले असते. हे विखुरलेले तुकडे एकत्र करण्यासाठी ‘पर्यटन उपग्रह लेखा’ नावाची पद्धत संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २००० साली मान्य केली आणि पुढे २००८ मध्ये तिची सुधारित चौकट आली. ग्रहाभोवती उपग्रह फिरावा तसा हा लेखा राष्ट्रीय उत्पन्नाच्या मुख्य हिशेबाशी जोडलेला असतो, म्हणून त्याला हे नाव मिळाले. त्याच्या व्याख्येनुसार आपल्या नेहमीच्या परिसराबाहेर एक वर्षापेक्षा कमी काळासाठी जाणारा आणि तेथील संस्थेकडे नोकरीसाठी न गेलेला प्रत्येक जण पर्यटन करत असतो, मग तो देवदर्शनाला गेलेला असो, व्यापाराच्या बैठकीला असो वा उपचारासाठी.

ही मोजणीची बाजू रूक्ष वाटली तरी ती दुर्लक्षिण्यासारखी नाही, कारण पर्यटनाविषयीचे बहुतेक अतिशयोक्त दावे येथेच जन्म घेतात. जगाच्या उत्पन्नात पर्यटनाचा वाटा सुमारे १० टक्के आहे, हे वाक्य आपण अनेकदा वाचतो. त्या आकड्यात पर्यटकांनी थेट केलेल्या खर्चातून निर्माण झालेले मूल्य असतेच. शिवाय हॉटेलला भाजी पुरवणाऱ्या शेतकऱ्याचे उत्पन्न आणि हॉटेलच्या कर्मचाऱ्याने आपल्या पगारातून केलेल्या खरेदीचा परिणामही धरलेला असतो. निव्वळ थेट वाटा याच्या निम्म्याहूनही कमी भरतो. दोन्ही आकडे आपापल्या जागी योग्य आहेत. चूक होते ती एका देशाचा विस्तारित आकडा दुसऱ्या देशाच्या थेट आकड्याशी ताडून पाहिला जातो तेव्हा, किंवा हाच विस्तारित हिशेब प्रत्येक क्षेत्रासाठी लावला तर साऱ्यांची बेरीज शंभर टक्क्यांच्या कितीतरी पुढे जाईल, हे ध्यानात ठेवले जात नाही तेव्हा.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. परदेशी पर्यटकाचा खर्च ही अर्थशास्त्राच्या भाषेत निर्यात आहे. नेहमीच्या निर्यातीत माल बाहेर जातो आणि परकीय चलन आत येते; येथे माल जागचा हलत नाही, ग्राहकच दाराशी येतो. समुद्रकिनारा, डोंगर, प्राचीन अवशेष किंवा हवामान जहाजात भरून विकता येत नाही, पण ज्या देशाकडे हे आहे त्याला त्याच्या बळावर परकीय चलन मिळवता येते, आणि औद्योगिकीकरणाच्या पहिल्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या देशाला सर्वांत मोठी चणचण बहुधा याच चलनाची असते.

स्पेनचे उदाहरण या बाबतीत सर्वाधिक बोलके आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस स्पेनची परकीय चलनाची गंगाजळी जवळजवळ आटली होती. जुलै १९५९ मध्ये सरकारने स्थिरीकरण योजना आणली, पेसेटाचे अवमूल्यन करून एका डॉलरचा दर ६० पेसेटा ठरवला आणि अर्थव्यवस्थेची बंद दारे बरीचशी उघडली. त्याच सुमारास उत्तर युरोपात कामगारांना पगारी रजा मिळू लागली होती आणि जेट विमाने व चार्टर उड्डाणांमुळे प्रवास स्वस्त होत होता. १९६० साली सुमारे ६० लाख परदेशी अभ्यागत पाहणाऱ्या स्पेनने १९७३ मध्ये तीन कोटींचा आकडा ओलांडला. त्या काळात स्पेनची आयात निर्यातीपेक्षा कितीतरी जास्त होती आणि ही तूट पर्यटनातून व परदेशी गेलेल्या स्पॅनिश कामगारांनी घरी पाठवलेल्या पैशांतून भरून निघत होती. माझ्या मते या कहाणीतला कळीचा मुद्दा असा, की ही आयात मोठ्या प्रमाणावर यंत्रसामग्रीची आणि तंत्रज्ञानाची होती. पाहुण्यांनी किनाऱ्यावर खर्च केलेले मार्क आणि पौंड कारखान्यांतल्या यंत्रांत रूपांतरित झाले. १९६० ते १९७३ या काळात विकसित देशांच्या गटात जपानखालोखाल वाढीचा वेग स्पेनचा होता.

येथे एक फरक स्पष्ट करायला हवा, कारण बहुतेक गोंधळ त्यातून होतो. देशाचे उत्पन्न एकदा वरच्या पातळीवर जाणे ही एक गोष्ट आहे आणि ते वर्षानुवर्षे वाढत राहणे ही दुसरी. नवा किनारा पर्यटकांसाठी खुला झाला, दहा हॉटेले उभी राहिली, दोन हजार लोकांना काम मिळाले, म्हणजे पातळी वाढली. पण पुढच्या वर्षी त्याच दहा हॉटेलांत तेच दोन हजार लोक तेच काम करत असतील, तर त्यातून वाढ होत नाही. वाढ तेव्हा टिकते, जेव्हा त्या उत्पन्नातून कामाची उत्पादकता वाढवणारे काहीतरी उभे राहते: यंत्रे, रस्ते, शिक्षण, कौशल्य, नवे व्यवसाय. मायोर्का बेटावर १९५६ मध्ये एका लहानशा हॉटेलपासून सुरू झालेली मेलिया ही कंपनी पुढे अनेक खंडांत हॉटेले चालवू लागली, तेव्हा स्पेन केवळ ऊन आणि वाळू विकत नव्हता, हॉटेल चालवण्याचे ज्ञानही विकत होता. किनारा जितका असतो तितकाच राहतो, ज्ञान मात्र वापराने वाढते.

स्पेनमध्ये त्या काळात पर्यटन आले, त्याचबरोबर परकीय भांडवल आले, बाजारपेठ खुली झाली आणि स्थलांतरितांचे पैसेही आले. मग वाढीचे श्रेय नेमके कोणाला द्यायचे? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली असेल, तर फांदी कावळ्यामुळे मोडली असे म्हणता येत नाही. हा पेच सोडवण्यासाठी संशोधकांनी प्रामुख्याने ज्या कसोटीचा आधार घेतला, ती क्लाइव्ह ग्रेंजर या अर्थतज्ज्ञाने १९६९ मध्ये मांडली होती. काळाच्या ओघात बदलणाऱ्या आकड्यांच्या अभ्यासासाठी त्यांना २००३ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कसोटीची कल्पना साधी आहे. उद्याचे राष्ट्रीय उत्पन्न किती असेल याचा अंदाज केवळ आजवरच्या उत्पन्नावरून बांधण्याऐवजी त्यात आजवरच्या पर्यटनाचे आकडेही मिसळले आणि अंदाज अधिक नेमका झाला, तर पर्यटनाकडून उत्पन्नाकडे कारणाची दिशा जाते, असे मानायचे. मग हाच प्रयोग उलट्या दिशेनेही करून पाहायचा.

स्पेनच्या १९७५ ते १९९७ या काळातल्या आकडेवारीवर असा अभ्यास करून २००२ मध्ये दोन संशोधकांनी पर्यटनातून दीर्घकालीन वाढ झाल्याचा निष्कर्ष काढला, आणि ‘पर्यटनप्रेरित वाढ’ हे गृहीतक तेव्हापासून चर्चेच्या केंद्रस्थानी आले. मात्र थोड्याच वर्षांत चित्र गुंतागुंतीचे झाले. दक्षिण कोरियाच्या अभ्यासात दिशा उलटी निघाली: आधी अर्थव्यवस्था वाढली, विमानतळ, रस्ते, व्यापारी संबंध आणि देशाचे नाव वाढले, आणि त्यामागोमाग पर्यटक आले. तैवानच्या अभ्यासात दोन्ही दिशांनी परिणाम दिसला. आणखी काही देशांत दोहोंचा एकमेकांशी ठोस संबंधच आढळला नाही. हे निष्कर्ष परस्परविरोधी वाटले तरी त्यांतून एक समंजस अर्थ निघतो. ज्या देशाची अर्थव्यवस्था कारखानदारीवर उभी आहे तेथे पर्यटन हे समृद्धीचे फळ असते, आणि ज्याच्याकडे विकण्यासारखे इतर फारसे नसते तेथे ते समृद्धीचे बी ठरू शकते.

या कसोटीची मर्यादाही तितकीच महत्त्वाची आहे. कोंबडा रोज सूर्योदयापूर्वी आरवतो, म्हणजे त्याच्या आरवण्यावरून सूर्योदयाचा अंदाज उत्तम बांधता येतो, पण कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही. विमान कंपन्या, गुंतवणूकदार आणि प्रवासी या सगळ्यांनाच एखाद्या देशाचे दिवस पालटणार याची चाहूल आधी लागत असेल, तर पर्यटक वाढीच्या आधी येतील आणि तरीही ते वाढीचे कारण नसतील. म्हणून नंतरच्या काही संशोधकांनी वेगळी वाट धरली. बेंजामिन फाबर आणि सेसिल गोबेर यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मेक्सिकोच्या अभ्यासात असा प्रश्न विचारला, की निसर्गाने ज्या भागाला पांढऱ्या वाळूचा सुंदर किनारा दिला आणि ज्याला दिला नाही, त्यांच्यात पुढे काय फरक पडला? वाळूचा रंग कोणत्याही सरकारी धोरणाने किंवा व्यापारी चक्राने ठरलेला नसतो, त्यामुळे फरक दिसला तर तो पर्यटनाचाच मानायला भक्कम आधार मिळतो. उत्तर विचार करायला लावणारे निघाले. चांगला किनारा लाभलेल्या भागांत रोजगार आणि उत्पन्न स्पष्टपणे वाढले होते आणि तेथील कारखानदारीलाही, कदाचित चांगल्या सोयींमुळे आणि वाढत्या वस्तीमुळे, हातभार लागला होता. पण देशपातळीवर पाहिले तर कारखानदारीला मिळालेल्या या जोडलाभाचा बराचसा भाग इतर प्रदेशांनी गमावलेल्या लाभाने फिटत होता, कारण माणसे आणि उद्योग तिकडून इकडे सरकले होते. देशाचा जो निव्वळ फायदा उरला, तो मुख्यतः बाहेरच्या जगाशी व्यापार वाढल्याचा होता. एखाद्या जिल्ह्याची भरभराट दाखवून त्यावरून राष्ट्राच्या भरभराटीचा हिशेब मांडणे किती फसवे ठरू शकते, हे याहून स्पष्टपणे दाखवणारा अभ्यास माझ्या माहितीत नाही.

पर्यटकाने खर्च केलेला पैसा देशात किती फिरतो, हा यापुढचा प्रश्न आहे. अर्थशास्त्रात फिरणाऱ्या पैशाच्या एकूण परिणामाला गुणक परिणाम म्हणतात आणि देशाबाहेर निसटणाऱ्या भागाला गळती. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पर्यटकाने शंभर रुपये खर्च केले. पहिल्या देशात त्यांतले ८० देशातच राहतात आणि पुढच्या प्रत्येक हातातून निम्मी रक्कम पुन्हा देशात खर्च होते. म्हणजे ८०, मग ४०, मग २०, अशी बेरीज करत गेले की एकूण उत्पन्न १६० पर्यंत जाते. दुसऱ्या देशात हॉटेल परदेशी साखळीचे आहे, धान्य, फर्निचर आणि इंधन आयात केलेले आहे व व्यवस्थापकही बाहेरचे आहेत, म्हणून केवळ ४० रुपये मागे राहतात आणि पुढे दर फेरीला त्यांतला चौथा हिस्साच देशात फिरतो. ही बेरीज ५३ च्या आसपास थांबते. पर्यटक तोच, खर्च तोच, आणि देशाच्या पदरात पडणारे उत्पन्न मात्र एक तृतीयांश. लहान बेटांच्या देशांत गळती जास्त असते, यामागे कोणाचा दुष्ट हेतू असतोच असे नाही. बेटावर जे पिकत नाही आणि बनत नाही ते बाहेरूनच आणावे लागते. म्हणूनच स्थानिक शेतकरी, मासेमार, कारागीर आणि वाहतूकदार यांची हॉटेलांशी गाठ घालून देणे हे जाहिरातींवरच्या खर्चापेक्षा अनेकदा अधिक फलदायी ठरते.

शिवाय या गुणकाच्या हिशेबात एक गृहीत दडलेले असते, की काम करायला रिकामे हात उपलब्ध आहेत. बेरोजगारी मोठी असलेल्या देशात ते बहुधा खरे असते. परंतु सगळे हात आधीच कामात गुंतलेले असतील, तर हॉटेलात आलेला माणूस कोणत्या तरी कारखान्यातून किंवा शेतातून उठून आलेला असतो आणि तेथे घटलेले उत्पादन वजा करावे लागते. यातूनच पर्यटनाचा एक कमी चर्चिला जाणारा दुष्परिणाम समोर येतो. नेदरलँड्समध्ये नैसर्गिक वायूचे मोठे साठे सापडल्यावर तेथील चलन महाग झाले आणि इतर निर्यात मार खाऊ लागली, त्यावरून ‘डच रोग’ हा शब्द रूढ झाला. पर्यटनाचा पूर आला तर तेच घडू शकते. आइसलँडमध्ये २०१० साली पाच लाखांहून कमी परदेशी पर्यटक आले होते. २०१८ मध्ये ते २३ लाखांच्या आसपास गेले, आणि देशाची लोकसंख्या जेमतेम साडेतीन लाख. २००८ च्या बँकांच्या कोसळण्यातून देशाला सावरण्यात पर्यटनाचा मोठा वाटा होता, हे निर्विवाद आहे. पण त्याच ओघात क्रोना हे तेथील चलन वधारले, मजुरी आणि घरांचे भाव चढले, आणि मासळी किंवा इतर वस्तू परदेशी विकणाऱ्यांना आपल्या कमाईचे क्रोनात कमी मोल मिळू लागले. एका क्षेत्राच्या यशाची किंमत दुसरे क्षेत्र नकळत मोजत असते आणि ती किंमत पर्यटनाच्या कोणत्याही अहवालात दिसत नाही.

पर्यटनात उत्पादकता वाढवणे कारखान्यापेक्षा अवघड असते. एक वाटाड्या दहा वर्षांपूर्वी जितक्या जणांना डोंगर दाखवत होता, साधारण तितक्यांनाच आजही दाखवू शकतो. असे असताना केवळ पर्यटनावर भिस्त ठेवणारे देश मागे पडायला हवेत, असा तर्क कोणी करील. प्रत्यक्षात १९८० नंतरच्या आकडेवारीच्या अभ्यासांत पर्यटनात विशेष प्रावीण्य मिळवलेले छोटे देश इतर छोट्या देशांपेक्षा वेगाने वाढल्याचे आढळले. त्याचे एक पटणारे स्पष्टीकरण असे दिले जाते, की कारखान्यातल्या वस्तू दिवसेंदिवस स्वस्त आणि मुबलक होतात, पण निळाशार समुद्र वाढवता येत नाही. जग श्रीमंत होत जाते तशी दुर्मीळ निसर्गाची किंमत वस्तूंच्या तुलनेत वाढत जाते आणि तो निसर्ग ज्याच्याकडे आहे त्याला तितक्याच पर्यटकांच्या मोबदल्यात अधिक वस्तू आयात करता येतात. अर्थात तो निसर्ग गर्दीने नासला नाही तरच.

मालदीव हे या यशाचे आणि त्यातल्या धोक्याचे एकाच वेळी दिसणारे उदाहरण आहे. तेथे १९७२ मध्ये पहिले रिसॉर्ट सुरू झाले, आणि २०११ मध्ये तो देश संयुक्त राष्ट्रांच्या अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडला. मग २०२० साली महासाथीमुळे जगभरातल्या आंतरराष्ट्रीय पर्यटकांची संख्या सुमारे ४० कोटींवर घसरली, तेव्हा मालदीवचे उत्पन्न एका वर्षात जवळजवळ एक तृतीयांशाने आक्रसले. जुगारघरे पाहायला येणाऱ्या पर्यटकांवर जगणाऱ्या मकावचे उत्पन्न तर निम्म्याहून अधिक घटले. श्रीलंकेत एप्रिल २०१९ मधील बॉम्बस्फोटांनी आणि पाठोपाठ आलेल्या महासाथीने पर्यटनातून येणारे डॉलर आटले. करकपात, विदेशी कर्ज आणि शेतीविषयक चुकीचे निर्णय यांनीही कमकुवत झालेली अर्थव्यवस्था हा धक्का सोसू शकली नाही आणि एप्रिल २०२२ मध्ये देशाने परकीय कर्जाची परतफेड थांबवली. पर्यटनाचे उत्पन्न साठवून ठेवता येत नाही, कारण आज रिकामी राहिलेली खोली उद्या दोनदा भाड्याने देता येत नाही. त्यामुळे अर्थव्यवस्थेत पर्यटनाचा वाटा जितका मोठा, तितकी चांगल्या वर्षांत गंगाजळी बाजूला काढण्याची आणि दुसरा एखादा आधार उभा करण्याची गरज मोठी.

संख्येच्या मागे न लागता प्रत्येक पर्यटकामागे देशाकडे काय उरते यावर लक्ष ठेवण्याचा सर्वांत जाणीवपूर्वक प्रयत्न भूतानने केला आहे. १९७४ मध्ये परदेशी पर्यटकांसाठी दार उघडल्यापासून त्या देशाने ‘थोडे पर्यटक, जास्त मोल’ हे धोरण धरले आणि प्रत्येक रात्रीमागे सरकारी तिजोरीत जाणारे शुल्क घेतले, ज्याचा उपयोग मोफत आरोग्यसेवा आणि शिक्षण यांसाठी होतो. हे शुल्क दीर्घकाळ ६५ डॉलर होते. महासाथीनंतर सप्टेंबर २०२२ मध्ये देश पुन्हा उघडताना ते २०० डॉलर करण्यात आले. त्यानंतर पर्यटक अपेक्षेपेक्षा कमी आले आणि हॉटेले, वाटाडे व वाहनचालक यांचे उत्पन्न घटले, तेव्हा वर्षभरातच, सप्टेंबर २०२३ पासून, शुल्क १०० डॉलरवर आणले गेले. हा आकडाही कायमचा म्हणून ठरवलेला नाही. ऑगस्ट २०२७ पर्यंतच तो लागू राहील, असे तेव्हाच सांगितले होते.